ओलं बोट

मिहानमधल्या एका इमारतीत, सर्व्हरच्या खोलीत, मी पालथी पडून काम करत होते. असल्या खोल्यांना जमिनीच्या वर आणखी एक जमीन असते. फरशी उचलली की खाली हातभर पोकळी, आणि तिच्यातून एसीच्या पाण्याचे पाइप गेलेले. पाइप गळला तर वेळेवर कळावं म्हणून त्यांच्या कडेने एक केबल अंथरायची. तिला पाणी लागलं की साऱ्या इमारतीवर नजर ठेवणाऱ्या संगणकावर, म्हणजे आमच्या बीएमएसवर, लाल खूण उमटते. ती केबल बीएमएसला जोडून देणं हे माझं काम. दिवसभर पाण्याचा धसका घ्यायचा आणि पगारही त्याचाच घ्यायचा.

त्या दिवशी जोडणी संपली आणि लगेच स्क्रीनवर लाल खूण आली. गळती, तीही केबलच्या अगदी तोंडाशी. खाली तर पाण्याचा टिपूस नव्हता.

"मॅडम, पाणी तर कुठंच नाही," सोबतचा इंजिनिअर म्हणाला. "मग हे काहून दाखवून राहिलं?"

मी जोड उघडला आणि मला हसू आलं. तारा पिळण्याआधी मी बोट जिभेला लावलं होतं. बिचाऱ्या केबलने माझी थुंकी पकडली होती. जोड कोरडा केला तशी खूण गेली. इंजिनिअरला मी काही सांगितलं नाही. सांगायचं तर उमरेडपासून सुरुवात करावी लागली असती.

उमरेडच्या आमच्या घरात खड्ड्यातला हातमाग होता. बाबा विणायचे आणि आई सांधणी करायची. लुगडं विणून झालं की ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, मुळापासून काढून टाकत नाहीत. त्याची टोकं फणीत तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा एकेका टोकाला पिळून जोडतात, म्हणजे सगळे धागे पुन्हा फणीत ओवायला नकोत. आई बोट जिभेला लावायची, चिमटीत राख घ्यायची आणि पीळ द्यायची. तिच्या मांडीला मांडी लावून मी ते शिकले. उन्हाळ्यात धागे सुकून तुटायचे, म्हणून ती मागाखाली पाणी शिंपडायची. खळीचा आणि ओल्या मातीचा तो वास मला अजून हवा असतो. कुठल्याही एसीत तो मिळत नाही.

बाबा गेले ते शेवटचं लुगडं उतरवून. आईने फणीतली टोकं तशीच ठेवली. दर दिवाळीला ती धूळ झटकायची आणि म्हणायची, "कोणी बसलंच तर?" आम्ही भावंडं दुसरंच काहीतरी बोलायला लागायचो. बसणार कोण होतं?

केबलने माझी थुंकी पकडली त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. भाऊ मागाच्या खोलीत टाइल्स बसवणार होता, मागाचा खड्डा बुजवायचा होता. "फणीत टोकं अजून तशीच हायेत वं," ती म्हणाली. "रविवारी येऊन जाय."

गेले. खोली रिकामी केलेली होती. दाराशी मुरमाचा ढीग पडला होता आणि भाऊ फावडं घेऊन उगाच अंगणात फिरत होता. आई मागाजवळ बसली होती. तिच्या हातात शिलाई मशीनचं रीळ होतं आणि समोर वाटीत उदबत्तीची राख. चूल तर कधीच गेली.

"एक जोडून दाखव मले," ती म्हणाली.

"कशाले, आई? विणणार कोण आहे?"

"विणाले नाही म्हणत मी. जोड."

मी बोट ओलं केलं, राख घेतली, पीळ दिला. आईने धागा दोन्ही बाजूंनी ओढून पाहिला. नखाने जोड टोकरला. सुटला नाही. मग तिने पदराआडून कात्री काढली आणि माझ्या हातात दिली.

बाकीचे सगळे धागे मी कापले. मी जोडलेल्या त्या एकापाशी हात थांबला. तो काही माझ्याने कापवेना. आईने कात्री घेतली, जोडाच्या दोन्ही बाजूंनी धागा कापला आणि तो तुकडा स्वतःच्या बोटाला गुंडाळला.

"तुले येते," ती म्हणाली. मग तिने भावाला हाक मारली, "आण गा मुरूम."

आता जोडणीच्या आधी मी हात कोरड्या फडक्याने पुसते. तरी बोट आपोआप ओठांपर्यंत जातंच. तिथे थांबतं, आणि मला त्या ओल्या जमिनीवर आईच्या मांडीला मांडी लावून बसायचं असतं.