दिवसाची झोप

बजेटचा दिवस होता. नळाला पाणी आलंय का ते विचारायला मी वरच्या खोलीतून खाली गेलो, तर पुंजाराम काका सोफ्यावर अर्धवट आडवे होऊन टीव्ही बघत होते. ‘मध्यमवर्गाला दिलासा’ अशी पट्टी खालून सरकत होती. शेजारी जहांगीरभाई बशीत चहा ओतून बसले होते. दर रविवारी ते यायचेच.

“हा मध्यमवर्ग म्हंजे नेमका कोण, इंजिनिअर?” काकांनी मला विचारलं.

“आपणच की,” कांता काकू आतून म्हणाल्या. “सोताचं घर आहे, वर भाडेकरू आहे. गरीब थोडेच आहोत?”

“भाडेकरू इंजिनिअर, आणि मालक प्रेसवर पत्रा दाबतो,” जहांगीरभाई म्हणाले. “अब इसमें मिडल कौन? जिना?”

सगळे हसले. काका मात्र विचारात पडले होते. थोड्या वेळानं म्हणाले, “माझ्या हिशोबानं दुनियेत दोनच वर्ग. एक जनरल शिफ्टवाले, दुसरे आपण. ज्याला रोज रात्री झोपता येतं तो मोठा माणूस. मग तो सायकलवर का फिरंना.”

“मग आमच्या गल्लीतला वॉचमन?” मी चेष्टेनं विचारलं.

“तो आमच्यात.”

“आणि आयसीयूतला डॉक्टर?”

काकांनी डोळे चोळले. “तो बी आमच्यात. बिचारा.”

मी पुंडलिकनगरला राहायला आलो तेव्हा काकूंनी खोली दाखवण्याआधी एकच अट घातली होती: जिन्यावरून बूट वाजवायचे नाहीत. काका वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत प्रेसशॉपला, म्हणजे पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या खात्यात होते. पंचवीसेक वर्षं फर्स्ट, सेकंड, थर्ड अशी शिफ्ट फिरत होती. थर्डचा, म्हणजे रात्रपाळीचा आठवडा आला की ते सकाळी घरी येऊन मागच्या खोलीत झोपायचे. त्या खोलीच्या खिडकीला काळा जाड पडदा होता. त्याच्याआड काचांवर खळीनं चिकटवलेले कागद होते. आत गेलं की दिवस कळायचा नाही. पण ऐकू तर यायचंच. घंटागाडीचं गाणं, भाजीवाल्याचा भोंगा, शेजारची मोटर. काका कानात कापूस घालून, डोळ्यांवर उपरणं बांधून पडायचे आणि दोन तासांत उठून बसायचे. त्यांची मुलगी प्रेरणा बोलायला लागली तेव्हा पहिल्या काही शब्दांत ‘पप्पा झोपले’ हे होतं म्हणे. आता ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत घरी असते, पण अजूनही नळ असा सोडते की पाणी पडल्याचा आवाज येत नाही.

वैजापूरकडच्या गावी त्यांच्या भावाला वाटायचं, पुंजाराम कंपनीत आहे, म्हणजे सुटला. काका गावी गेले की पारावर बसल्याबसल्या झोपायचे. लोक म्हणायचे, शहरात जाऊन आळशी झाला.

जहांगीरभाई आणि काका एकाच वर्षी लागलेले. प्रेस शेजारी-शेजारी, बसमधली सीट एकच, डबा मिळून. काकू मेथीची भाजी जास्तीची द्यायच्या कारण ती जहांगीरभाईंना आवडते. जहांगीरभाईंच्या घरून जोहरा भाभी लोणचं काकांच्या नावानं द्यायच्या. जहांगीरभाईंची झोप काकांहून वाईट. त्यांचं घर पलीकडच्या वस्तीत, ग्रिलच्या वर्कशॉपला भिंत लागून. दिवसभर कटर चालतो. “मेरेकू ईद के दिन नींद आती,” ते म्हणायचे. “वर्कशॉप बंद रैता ना.”

बजेटनंतर महिन्याभरात काकांना स्टाफचं लेटर आलं.

वाळूजबाहेरच्यांना यातली खोच कळणार नाही. वर्कर युनियनचा असतो. पगाराचा करार युनियन करते, आणि वाढ मिळते ती वर्करला. स्टाफ म्हणजे कंपनीचा माणूस. पांढरा शर्ट, ‘असिस्टंट सुपरवायझर’ असं नाव, वरच्या मजल्यावर वेगळं कॅन्टीन, एसी बस. ओव्हरटाइम बंद. हातात येतात ते पैसे आधीपेक्षा कमीच. शिवाय पहिले सहा महिने कच्चे. काही चुकलं तर घरी, आणि परत वर्कर होता येत नाही.

पण स्टाफला जनरल शिफ्ट असते.

काकूंनी ते पत्र देवापुढे ठेवलं. “आता साहेब म्हणतील तुमाला,” त्या म्हणाल्या. प्रेरणाच्या लग्नाचं बघत होते, त्यात ते नाव कामाला येणार होतं.

जहांगीरभाईंनी मात्र त्या रविवारी चहा तसाच ठेवला. “पुंजा, नक्को घेऊ. करार यायलाय. बोलणं फिसकटलं की आम्ही बाहेर बसणार. मग मशिनी कोण चालवणार? स्टाफ. आणि स्टाफमध्ये प्रेस येते कोणाला? तुला. तुलाच उभा करतील बघ.”

“व्हईल तवा बघू,” काका म्हणाले.

“तेव्हा नाय म्हणता येणार नाय तुला.”

“जहांगीर, मला झोपायचंय रे,” काका म्हणाले. ते हे अगदी हळू म्हणाले.

जनरल शिफ्टचे पहिले काही दिवस काका लहान मुलासारखे झाले होते. साडेनवाला अंथरुणावर. सकाळी उठून गच्चीवर यायचे आणि मला सांगायचे, “सपन पडलं होतं राव! केवढ्या वर्सानं.” स्वप्न काय होतं ते सांगायचे नाहीत, पडलं याचंच कौतुक. मागची काळी खोली रिकामी राहिली. काकूंना तिथं गव्हाच्या कोठ्या ठेवायच्या होत्या, पण काका म्हणाले, राहू दे सध्या.

माझी कंपनी वेगळी असली तरी माझी आणि काकांची बस एकाच चौकातून निघते, म्हणून सकाळी आम्ही बरोबर उभे राहायचो. ते शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून कट्ट्यावर टेकायचे नाहीत. प्रेसशॉपची नवी पोरं मोटरसायकलवरून जाताना ‘नमस्ते साहेब’ म्हणायची. तीच पोरं महिन्यापूर्वी ‘ओ काका, तंबाखू’ म्हणत होती. “मला वाटलं होतं गोड लागंल,” काका एकदा म्हणाले. “पण हाक मारून थांबत न्हाईत रे कोणी. हाक मारतात आणि निघून जातात.” जहांगीरभाई तेवढे पुंजाच म्हणायचे. डबा आता वेगळा होता, पण रविवारचा चहा चालू होता.

मग कराराचं बोलणं फिसकटलं. वर्कर गेटबाहेर मांडव घालून बसले.

पुढचं मला काकांनीच सांगितलं, तुकड्यातुकड्यानं. मॅनेजरांनी स्टाफला खाली बोलावलं. गाड्यांच्या कंपनीला माल वेळेत गेला नाही तर ऑर्डर जाईल, असं सांगितलं. ते खोटं नव्हतं. अकाउंटवाल्या पोरांना पॅकिंगला लावलं, आणि काकांना म्हणाले, “तुम्ही सात नंबर घ्या.”

सात नंबर म्हणजे जहांगीरभाईंची प्रेस. त्यावर पडणारा भागच आधी हवा होता.

“साहेब, कंबर धरलीय,” काका म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही त्यांना.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्यानं कपाटातून कंबरेचा पट्टा काढून दिला, स्प्रेची बाटली दिली आणि म्हणाला, “मारून घ्या. जपून करा.”

काकांनी स्प्रे मारला, न दुखणाऱ्या कंबरेवर. पट्टा बांधला आणि सात नंबरवर उभे राहिले. मशिनीच्या अंगाला जहांगीरभाईंचा हातपुसणीचा कपडा अडकवलेला होता. काकांनी त्याला हात लावला नाही. हात स्वतःच्या पांढऱ्या शर्टाला पुसत राहिले, त्यावर डाग पडले. “पत्रा लावायचा, पाय द्यायचा, काढायचा,” ते मला म्हणाले. “हाताला सगळं याद होतं. माल बी चांगला निघाला. तेच लई वाईट वाटलं.”

संध्याकाळी स्टाफची बस गेटमधून निघाली तेव्हा मांडवातली माणसं उठून दोन्ही बाजूंनी उभी राहिली. कोणी दगड मारला नाही, कोणी हात उचलला नाही. “चमचे! चमचे!” एवढंच चाललं होतं. बस गर्दीत अडली. काका खिडकीशी होते. जहांगीरभाई गर्दीतून काचेशी आले. काकांनी काच सरकवली.

“कौनसी मशीन?”

काकांनी शर्टावरचे डाग हातानं झाकले.

“सात?”

काकांनी मानेनंच हो म्हटलं.

जहांगीरभाईंनी शिवी दिली नाही. ते म्हणाले, “पेडल चिकटतं तिचं. मेंटेनन्सवाल्याला कवाचं सांगितलंय, ऐकत नाय. ठोका झाला की पाय पूरा उचल. नाहीतर दुसरा ठोका पडतो. हात आत राहिला तर गया.” आणि ते मागं फिरले. मागून कोणीतरी ओरडलं, “ओ जहांगीरभाई, साहेबाचा मुका घेतला का?” त्यावर हशा झाला. बस निघाली.

त्या रात्री काका जेवले नाहीत. अंथरुणावर पडले आणि लगेच झोपले. सकाळी काकू मला म्हणाल्या, “मला वाटलं तळमळतील. पण घोरत होते.” आणि काका गच्चीवर आले, पण मला बघून तसेच खाली गेले. झोप लागली याचीच त्यांना लाज वाटत होती, असं मला वाटतं. जिच्यासाठी हे सगळं केलं, ती झोप त्यांच्यावर रुसलीसुद्धा नव्हती.

करार होईपर्यंत ते रोज सात नंबरवर उभे राहिले. पाय पूर्ण उचलत. मांडव उठला, पेढे वाटले गेले. वर्करांना वाढ मिळाली. काकांना नाही, कारण ते आता वर्कर नव्हते. तक्रार करायची तर कोणाकडं, हेही कळत नव्हतं. युनियन म्हणणार तू त्यांचा, कंपनी म्हणणार तू आमचाच की.

पुढच्या रविवारी काकूंनी चहाला पाणी जास्त टाकलं. जहांगीरभाई आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही आले नाहीत. काका टीव्ही लावून बसायचे, दारात चप्पल वाजली की आवाज कमी करायचे. मग पुन्हा वाढवायचे.

“जाऊन या ना तुमी,” काकू म्हणाल्या.

“जाऊन काय म्हणू?”



एका सकाळी आम्ही चौकात उभे होतो. थर्ड शिफ्टची बस आली, आणि तिच्यातून जहांगीरभाई उतरले. डोळे लाल, गालाला ग्रीस. एरवी ते आधीच्या थांब्यावर उतरायला लागले होते, त्या दिवशी बहुतेक डुलकी लागून पुढं आले असावेत. काका समोर दिसल्यावर ते थबकले.

“सोया क्या रात को?” त्यांनी विचारलं.

“हौ,” काका म्हणाले. “सोया.”

“अच्छा है. कोई तो सोया.”

ते जायला निघाले. काका मागून म्हणाले, “जहांगीर. मागची खोली दिवसभर रिकामीच असती. पडदा तसाच आहे.”

जहांगीरभाई वळले. दमलेल्या माणसाला हसायला जितकं जमतं तितकं हसले. “साहब के घर में वर्कर सोएगा? स्टाफ में चलता क्या, विचारून घे आधी तुझ्या मॅनेजरला.”

काकांची बस आली. ते चढले. खिडकीतून त्यांनी मागं बघितलं नाही.

त्या संध्याकाळी मी पाण्याचं विचारायला खाली गेलो होतो. काका नुकतेच येऊन शर्टाची बटणं काढत होते. काकू म्हणाल्या, “जहांगीरभाई आले होते सकाळी.”

काकांचा हात बटणावरच थांबला. “कधी?”

“तुमी गेल्यावर थोड्या वेळानं. दारात उभे राहिले, मी म्हणलं या. काय बोलले नाय. गेले सरळ मागच्या खोलीत. प्रेरणा हितंच अभ्यास करत होती, तिनं फॅनबी बंद केला आवाज नको म्हणून. दुपारी उठून गेले.”

“जेवला?”

“म्हणलं जेवून जा, मेथी हाय. नक्को म्हणले.”

काकांनी पुढचं बटण काढलं. मग विचारलं, “झोप लागली का त्याला?”

“घोरत होते की.”

“काही बोलला का जाताना? माझ्याबद्दल?”

काकू आठवू लागल्या. “तुमच्याबद्दल नाय. म्हणले, पडद्याच्या वरचा कागद सुटलाय, फट पडलीय. डोळ्यावर ऊन येतं.”

काकांनी शर्ट अर्धवटच ठेवला. स्वयंपाकघरातला स्टूल उचलून ते मागच्या खोलीत गेले, आणि आतून मला हाक मारली, “ओ इंजिनिअर, हितं या जरा. स्टूल धरा. खळी कुठंय गं?”