हाउकेचं कुलूपबंद पत्र

हाउके वेळेवर जेवतो की नाही, ही काळजी काही केल्या इर्मगार्डच्या मनातून जाईना. तिचा हा मुलगा बर्लिनमध्ये लोकांना ईमेल कुलूपबंद करायला शिकवायचा, आणि ब्रेमेनमधल्या आईला बटाट्याच्या सॅलडची कृती विचारायची असली, तरी कुलूप लावूनच.

"आई, तुझं उघडं कुलूप मी सगळ्यांना वाटतो," तो समजवायचा. "लावेल कोणीही, पण किल्ली फक्त तुझ्या संगणकात. वाटेत कुणी डोकावलं, तर त्याला नुसता अक्षरांचा काला दिसेल."

"मी सॅलडमध्ये सफरचंद घालते हे कळलं, तर सरकार पडेल का रे?"

"सवय असावी, आई."

गेल्या आठवड्यात तिने जुना संगणक भंगारात दिला. हाउकेनेच बजावल्याप्रमाणे आधी आतलं सगळं पुसून. त्यात किल्लीही गेली. आज नव्या संगणकावर त्याचं पत्र आलं. विषयाच्या ओळीला कुलूप लागत नाही, म्हणून तेवढीच वाचता आली: 'आई, घाबरू नकोस.' खाली तीन पानं काला.

ती रीतसर घाबरली. गुपितं फोनवर बोलायची नाहीत, असा त्याचा नियम होता. तरी तिने ठरवलं, फोन करायचाच. आणि आधी विचारायचं, जेवलास का.