छातीवरचे खुंट

आमची जुळी वेळेच्या इतकी आधी आली, की सासूबाईंची डोहाळजेवणाची भांडीसुद्धा अजून घासून व्हायची होती. मुलगा आणि मुलगी मिळून वजनाला आमच्या शेजारच्या फोपनार गावच्या केळीची एक फणी भरली असती; त्यातलं कोपऱ्यातलं बारकं केळं म्हणजे लेक.

दोघं काचेच्या पेट्यांत. मुलगा गुमान दूध पचवायचा. लेक मात्र मधेच श्वास घ्यायलाच विसरायची. यंत्र बोंबलायचं, सिस्टर तळपायाला टिचकी मारायची, मग मॅडमना आठवायचं की आपल्याला जगायचंय. डॉक्टरांनी तिला कॉफीत असतं तेच औषध सुरू केलं. दूध धड गिळता येईना आणि पोरीला कॉफीचं व्यसन! हे विसरणं थांबल्याशिवाय घरी सोडणार नव्हते.

एके दिवशी सिस्टर म्हणाली, "पप्पा, शर्ट काढा. कांगारूसारखं छातीशी धरायचं बाळाला."

आता माझी छाती. वाढवून सांगत नाही, पण तिच्यात एकदा कंगवा हरवला होता. त्या जंगलात लेकीला ठेवलं आणि थोड्या वेळात यंत्र किंचाळलं. पडद्यावर सरळ रेघ. सिस्टर धावली. शेजारच्या खुर्चीत मुलाला घेऊन बसलेली बायको अर्धी उठली.

लेक गुलाबी, घोरत होती. तिच्या अंगावरची यंत्राच्या वायरची चिकटपट्टी सुटून माझ्या केसांत अडकली होती.

"काय करू राहिले हो तुम्ही?" बायको रडता रडता हसली. "पोरगी चालू आहे, तुम्हीच बंद पाडू राहिले तिला!"

मी तडक राजपुऱ्यातल्या न्हाव्याकडे. "छाती साफ कर."

"भाऊ, या वयात पहलवानी?"

"हो."

मी बुधवाऱ्याच्या बाजारात पोचायच्या आत बातमी पोचली. पानवाल्यानं विचारलं, "कुस्ती कोणाशी?"

"किलोभराची आहे," मी म्हणालो, "पण घाम काढते."

पुढे खुंट उगवले. लेक छातीवर पडली की तोंड वाकडं करायची, वळवळायची; यंत्र मात्र गप्प. मी जाहीर केलं, ती विसरायला लागली की खुंट टोचून आठवण करतात. डॉक्टर म्हणाले, औषधाचा गुण, शिवाय बाळ वाढतंय. बायको म्हणाली, "फेकू नका." मी खुंट ताजे ठेवत राहिलो.

अखेर घरी सोडलं. यंत्र तिकडेच राहिलं. पहिल्या दुपारी आम्ही दोघं पाळण्यावर वाकून तिचं पोट हलतंय का बघत बसलो. ज्या किंचाळीनं जीव जायचा, तिचीच आठवण येत होती.

बायको हळूच म्हणाली, "अहो, काढा तो शर्ट."

ती थंडी मी घरात उघड्यानं काढली. कुरिअरवाला महाराज समजून पाया पडून गेला.

आता दोघं शाळेत जातात. परवा लेक शाळेतली भांडणं सांगत माझ्या छातीवर आडवी झाली. "पप्पा, बहोत टोचतंय यार!"

मी तिच्या पोटाकडे बघत होतो. वर, खाली.

"काय पाहू राहिले?"

"काही नाही. बोल तू."