मुरबाडच्या माळावर आकाशगंगेचा मधला भाग बघायला गेलो

दिवाळी झाल्यावर आमच्या ह्यांच्या जीपला भाडं लागलं. किन्हवलीच्या एका मास्तरांची दुर्बीण आणि चार माणसं मुरबाडच्या पुढल्या माळावर न्यायची. हे म्हणाले, जागा आहे, चल, तेवढंच फिरणं.

सासूबाईंनी बजावलं, तिन्हीसांजेला तीन महिन्यांची पोर उघड्यावर नेतेस, गवत कापायचा इळा तिच्यापासून हलवू नको. लोखंड जवळ असलं की वाईट काय शिवत नाय. मला ते पटलं, कारण माझं पैलं पोर सव्वा महिन्यात गेलं, तवापासून मला वाऱ्याचीपण भीती. इळा पोरीच्या गोधडीत गुंडाळला नि निघालो.

सरळगावपर्यंत नुसते खड्डे, मागच्या सीटवर बसू नका. सरळगावात भजी गरम मिळाली, चहा मात्र गोड पाणी. एसटीने जाणार असाल तर परतीची गाडी आधी विचारा, नायतर माळावरच झोपाल. स्वेटर घ्या, दव पडतं.

दिवस मावळला तसं मास्तरांनी फोटो दाखवले. आकाशगंगेच्या मधोमध म्हणे गॅसचे ढग आहेत, पाऊस न पाडणारे. तिथलं चुंबक त्यांना ताणतं, पिळतं. मला तर कोणी सुंभ वळत ठेवल्यासारखं दिसलं. शेजारी बसलेले काका पुटपुटले, "तिथलं चुंबक कळतं, तर आमची लाइट कधी येणार तेपण सांगा म्हणावं."

मग दुर्बीण आधी उत्तरेला धरून बसवायची म्हणून स्टुलावर होकायंत्र ठेवलं. सुई फिरून फिरून माझ्याकडेच. मास्तरांनी घड्याळ काढलं, जीप मागे घ्यायला लावली. तिकडचं चुंबक ओळखणाऱ्याला वीतभरावरची गोधडी काय कळेना. शेवटी मीच सांगितलं, इळा आहे.

"ताई, दहा मिनिटं लांब ठेवा."

पोर नुकती झोपलेली, इळ्यासोबत उचलली असती तर तिने माळ डोक्यावर घेतला असता. हे इळा घेऊन जीपकडे गेले. सगळे पाळीपाळीने दुर्बिणीला डोळा लावत होते, मी पोरीच्या पोटाकडे बघत होते. वर, खाली. एकदा जरा उशीर झाला, तर माझाच श्वास थांबला.

इळा परत आल्यावर मीपण बघितलं. धुरासारखं काहीतरी. मास्तर म्हणाले, मधला भाग धुळीमागे आहे, तो असा दिसतच नाय. म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीसाठी एवढी जीप हाणली, आणि अडाणी मी.

घरी आल्यावर सासूबाईंनी आधी इळ्याचंच विचारलं. मी खरं सांगितलं, दहा मिनिटं नव्हता. वाटलं, आता बोलतील. त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं, पोटावर हात ठेवला, नि कितीतरी वेळ काढलाच नाय.