मोट चालती, हात चालत न्हाई

पाटलीणबाईनं माझी घागर लाथेनं उडवली. निम्मी भरलेली. ती विहिरीच्या कट्ट्यावरनं गडगडत माझ्या पायापाशी आली. माझा गुन्हा काय? पाणी वढणाऱ्या बाईचा दोर घसरत होता, म्या धरला.

“विहीर बाटवलीस! घे शेण. सारव कट्टा आन् चालती हो.”

म्या सारवला. पंधरा वर्सांची होते. आई घरात तापानं फणफणत होती आन् मी सकाळपासनं कट्ट्याखाली बसून ‘बाई, पाणी वाढा, बाई, पाणी वाढा’ करत होते. भोरचं संस्थान गेलं, आपलं राज्य आलं म्हणून गावानं पेढे वाटले होते. आमच्या हातावर पेढासुदीक वरनंच टाकला.

सारवताना समोर बघितलं. त्याच विहिरीच्या पलीकडच्या अंगाला मोट चालली होती. माझ्या बापानं शिवलेली मोट. आमी चांभार. बापानं भिजवलेलं, मळलेलं कातडं दिवसभर त्या पाण्यात बुडत होतं.

“मोट चालती, हात चालत न्हाई व्हय?” म्या विचारलं.

“लई जीभ फुटली का गं?”

रिकामी घागर घेऊन ओढ्यात उतरले. हातानं वाळू उकरली. कोपरभर खोल गेल्यावर पाणी पाझरलं. वाटीवाटीनं भरलं, आईला पाजलं.

चार दिवसांनी त्या झिऱ्यात कुणीतरी शेण टाकलं. बापानं कुदळ घेतली. झिरा पुरुषभर खोल खणला, दगडांनी बांधला, वर दगडाची चपटी चीप ठेवून तोंड बंद केलं. पण आता पाणी काढायचं कसं?

शाळेच्या मास्तरांचा सायकलचा पंप बापाकडं आला होता. आतला चामड्याचा वायसर झिजला होता. मी तो नुसताच वढत बसले. दांडा वढला की वारा आत येतो. वारा येतो तर पाणी का येणार न्हाई?

हिर्डोशीच्या अंगाच्या रानातनं कळकाचा जाड बांबू आणला. तापल्या सळईनं त्याच्या गाठी फोडल्या. बुडाला चामड्याची झडप लावली. दांड्याला भोकाची चकती, तिच्यावर दुसरी झडप. चिपेला भोक पाडून कळक आत सोडला. पहिल्यांदा नुसताच फुसफुसला.

“हुक्का केलास गं,” बाप हसला.

चकती तेलात मुरवली, घट्ट बसवली, वरनं तांब्याभर पाणी वतलं. मग वढलं. भसकन पाणी आलं! मी रडले, खोटं कशाला सांगू.

वैशाखात गावची विहीर तळाला गेली. मोट भरंना. पाटलीणबाई ओढ्यात आली, लांब उभी राहिली.

“असला एक आमच्या विहिरीत बसवून दे रं,” बापाला म्हणाली.

बाप व्हय म्हणणारच होता. मी मधी पडले. “देतो. पण त्याचा दांडा आमीबी वढणार.”

“तुमाला कशाला? तुमाला तुमचं पाणी हाय की आता.”

ती लाथ बरी होती. ही बाई गोड बोलून मला जन्मभर ओढ्यात बसवत होती, आन् मी येडी कळकावर खूश होते.

“मग न्हाई मिळायचा,” म्या सांगितलं. बापानं मान खाली घातली, पण मला गप केलं न्हाई.

दुसऱ्या दिशी दोर घेतला आन् गावच्या विहिरीवर गेले. कट्ट्यावर चढले. घागर तळाला खडखडली. निम्मी भरली, तीबी गढूळ. घरी नितळ पाणी भरून ठेवलेलं. तरी म्या ते गढूळ पाणी माझ्या हातानं वर वढलं. बाया थिजल्या. पाटलीणबाई धावत आली.

“घरात पाणी असून हितं कशाला मरतीस गं?”

“पाण्यासाठी न्हाई आले. शेण तिथं पडलंय. कट्टा सारवायचा तर आता तुमी सारवा. मी उद्या येणार हाय. परवाबी.”