ढोलकीविना वर्ष

कुडवा गावातल्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, रविवारची प्रार्थना भरायची. वीसेक माणसं, सतरंजी आणि बाबांची ढोलकी. बाबा ती गावच्या भजनी मंडळात शिकले होते, ख्रिस्ती होण्याच्या आधी.

मग आमच्या या मंडळीला नवे वडील, म्हणजे उपासना चालवणारे पुढारी, मिळाले, रेल्वेतून निवृत्त झालेले. दुसऱ्याच रविवारी ते बाबांना म्हणाले, "भाऊ, उपासनेत वाद्य नको. नव्या करारात कुठं आहे? लोक ठेक्यावर डोलतात, शब्दांकडे लक्ष राहत नाही."

"स्तोत्रांत डफ हाय, वीणा हाय," बाबा म्हणाले.

"तो जुना करार."

आईला राहवलं नाही. "देवाले गळा चालते, मग हात काऊन नाई चालत?"

वडील हसले नाहीत, चिडलेही नाहीत. बाबांनी वाद नको म्हणून ढोलकी चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली.

पुढच्या रविवारी फजितीच झाली. आईनं गाणं इतकं वर उचललं की तिसऱ्या ओळीला सगळ्यांचे गळे बसले. कोणीतरी फिस्सकन हसलं. पण दोन-तीन महिन्यांत जमत गेलं. कोपऱ्यात बसणाऱ्या एक मावशी इतका सुंदर खालचा स्वर लावतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बाबा थोडे बेसूर गातात, हेही. त्यांची बोटं मात्र मांडीवर चालूच असायची.

वर्षभरानं नाताळच्या आधी वडील चहाला आले. कप खाली ठेवून म्हणाले, "भाऊ, तुम्ही मांडीवर वाजवता ते दर रविवारी बघतो मी. माझं मत तेच आहे. पण तुम्हाला असं बसवून ठेवणं मला बरं वाटत नाही. काढा ती ढोलकी."

बाबांनी माळ्याकडे पाहिलं. "एकच गाणं वाजवीन, शेवटचं," ते म्हणाले. "बाकीचे असेच गाऊ. आता आवाज जमून राहिले."

नाताळला त्यांनी दोऱ्या ताणून ढोलकी सुरात आणली आणि एकच गाणं वाजवलं. वडिलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण गायले मोठ्यानं.

ते वडील आता मुलाकडे रायपूरला असतात. आमची मंडळी मोठ्या हॉलमध्ये भरते. कीबोर्ड आहे, स्पीकर आहेत. वाजवणारे चांगले आहेत, बाबाही मान डोलावतात. मला त्यात पाप दिसत नाही. फक्त गाताना शेजारी कोण गातंय ते ऐकू येत नाही, आणि मावशींचा तो खालचा स्वर मी अजून शोधत असते.