ऑरिसियाबाईंचे आजोबा कशासाठी आत गेले

ऑरिसिया पालूक आमच्या शाळेत सव्वीस वर्षं कॅनडाचा इतिहास शिकवत होत्या, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी पोरांकडून एक सनावळी पाठ करून घेतली नाही. त्यामुळे गावातल्या निम्म्या पालकांची खात्री होती की बाई काही शिकवतच नाहीत.

बाईंची तऱ्हा अशी. वर्गात एखादं जुनं पत्र, जाहिरात नाहीतर फोटो आणायचा आणि विचारायचं, हे कुणी लिहिलं? कुणासाठी? खोटं बोलून त्याचा काय फायदा होता? आणि दुसरा पुरावा कुठे आहे? ही खोड पोरं घरी घेऊन जायची. आमच्या ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्या टॉमचकला त्याच्या पोरीने भर जेवणात विचारलं, बाबा, तुम्ही हॉकीत प्रांताकडून खेळलात, याला तुमच्याशिवाय साक्षीदार कोण? कुणीच नव्हतं. टॉमचक दुसऱ्या दिवशी हेडमास्तर लॅचमनकडे तक्रार घेऊन हजर.

मी त्या शाळेचं ग्रंथालय सांभाळायचो. म्हणजे मुख्यतः कॉपीच्या मशीनमध्ये अडकलेले कागद ओढून काढायचो.

दर नोव्हेंबरात बारावीच्या वर्गात बाई एक लाकडी चमचा आणत. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाचे कागद जवळ असलेल्या युक्रेनी माणसांना कॅनडाच्या सरकारने शत्रू ठरवून तारेच्या कुंपणात डांबलं होतं. बाईंचे आजोबा वासिल पालूक त्यातलेच. सोळा महिने डोंगरात दगड फोडले आणि रात्री बराकीत हा चमचा कोरला. चमचा बाकाबाकांवरून फिरायचा आणि एरवी एका जागी न बसणारी पोरं गप्प व्हायची. एक-दोघी तर दरवर्षी रडायच्याच.

त्या वर्षी चमचा टॅमसिन फ्रीसनच्या हातात गेला. डुकरं पाळणाऱ्या घरातली पोर, बोलणं कमी, नजर कसायाची. तिने तो उलटा केला, पालथा केला आणि म्हणाली, "बाई, यावरून एवढंच कळतं की कुणाला तरी चमचा हवा होता."

वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि हौसेने म्हणाल्या, मग शोध की. तोच तुझा प्रकल्प.

टॅमसिन महिनाभर माझ्या डोक्यावर बसली. छावणीतल्या कैद्यांच्या यादीत वासिल पालूक नव्हते. पण त्यावेळची बरीच कागदपत्रं सरकारने पुढे नष्ट केली होती, त्यामुळे यादीत नाव नाही म्हणजे माणूस तिथे नव्हताच असं म्हणता येत नाही, हे तिने स्वतःच वहीत लिहिलं. मग ती आमच्या गावच्या जुन्या साप्ताहिकाचे बांधीव अंक चाळायला लागली. एका दुपारी तिने मला खुणेने बोलावलं आणि एका बातमीवर बोट ठेवलं.

वासिल पालूक, शेतकरी, बेकायदा दारू गाळून विकल्याबद्दल सहा महिने सक्तमजुरी. भट्टी चर्चमध्ये सापडली, गाणाऱ्यांच्या माडीवर. माल बटाट्याचा. गिऱ्हाइकांत न्यायाधीशांचे सख्खे भाऊ.

मी दोनदा वाचलं. मग तिला समजावलं की पोरी, हे प्रकरण नाजूक आहे, तू दुसरा विषय घे, बर्फातलं पोस्टखातं वगैरे.

"पुरावा आवडला नाही म्हणून टाकून द्यायचा नाही, असं बाईंनीच शिकवलंय," ती म्हणाली.

बातमी तिने वर्गात बाईंच्या टेबलावर ठेवली तेव्हा मी तिथेच होतो. बाईंचे कान आधी लाल झाले, मग चेहरा. आणि मग सव्वीस वर्षांची सगळी हत्यारं त्यांनी बाहेर काढली. हा संपादक इंग्रज होता. आमच्या लोकांना तो छापून घाणेरडे लोक म्हणायचा. युद्धाचे दिवस होते. त्याच्या शब्दावर मी का विश्वास ठेवू?

"मलाही तसंच वाटलं," टॅमसिन म्हणाली. "म्हणून मी चर्चच्या सभेची वही पाहिली."

ती वही तिने बाईंपुढे ठेवली. वही युक्रेनीत होती. ती तिने गुरुवारी चर्चच्या तळघरात पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वळायला जमणाऱ्या म्हाताऱ्यांकडून वाचून घेतली होती. म्हणजे बाईंना कळायच्या चार दिवस आधीच सगळ्या गावाला कळलं होतं. वहीत तीन ठराव होते. वासिल सुटून येईपर्यंत त्याच्या बायकोला पंचांनी बटाटे पुरवावेत. भट्टी माडीवरून हलवावी. भट्टी मोडू नये.

बाईंनी वही मिटली आणि वर्ग दहा मिनिटं आधीच सोडला. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

शनिवारी त्यांनी मला फोन केला. थंडीने त्यांची गाडी सुरू होत नव्हती आणि त्यांना यॉर्कटनच्या वृद्धाश्रमात नाद्याआत्याकडे जायचं होतं. वासिलच्या पोरांपैकी ही एकटीच मागे उरलेली, वय एक्क्याण्णव. आम्ही पोहोचलो तेव्हा आत्या पत्ते खेळत होती आणि उघडउघड फसवत होती. बाईंनी बातमी पुढे केली. आत्याने चष्मा चढवून ती वाचली आणि इतकी हसली की नर्स धावत आली.

"मेल्यांनी सहा महिनेच लिहिलेत. आठ काढले त्याने. आत एकाला ठोकलं ना."

बाईंनी विचारलं, मग छावणी?

"छावणीत हनात डेमचुक गेला होता, शेजारचा. परत आला तो बोलायचाच नाही. लग्न नाही, पोर नाही. तुझी आजी त्याला सूप पाठवायची, तर त्याने तो चमचा दिला तिला. मग तो मेला." आत्याने पत्ते गोळा केले. "पुढे चर्चमध्ये नव्याने आलेल्या बायका विचारायच्या, युद्धात तुझा नवरा गं कुठे होता? आजीने काय सांगायचं, दारू? छावणी म्हटलं की लोक उठून खुर्ची देत. आणि हनातचं सांगायला होतं तरी कोण?"

परतीच्या वाटेवर बाई खिडकीबाहेर बघत होत्या. दोन्हीकडे पांढरं रान. मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, आजोबा बाकी धमाल माणूस दिसतो.

"दारूची लाज कुणाला वाटतेय?" त्या म्हणाल्या. "एका माणसाकडे एवढं एकच होतं सांगण्यासारखं. ते मी सव्वीस वर्षं माझ्या घराच्या नावावर खपवलं. आणि वर पोरांना विचारत बसले, दुसरा पुरावा कुठे आहे म्हणून."

सोमवारी त्यांनी फळ्यावर हनात डेमचुकचं नाव लिहिलं आणि स्वतःची चूक पहिल्यापासून सांगितली. मी मागे उभा होतो. त्या वर्षी कुणी रडलं नाही, पण प्रश्न इतके आले की घंटा होऊनही पोरं उठेनात. आजीने चोरी केली की आठवण जपली, यावरून दोन गट पडले आणि पुढचे दोन आठवडे ते डबा खातानाही भांडत होते. टॅमसिनला शंभरात चौऱ्याण्णव मिळाले. सहा कापले, कारण बातमीची तारीख तिने लिहिली नव्हती.

मग बाईंनी जितके पत्ते सापडले तितक्या जुन्या विद्यार्थ्यांना पत्र धाडलं की मी तुम्हाला शिकवलेली एक गोष्ट खोटी होती, खरी अशी. हेडमास्तर लॅचमनने कपाळाला हात लावला. म्हणाला, अगं, शिक्षकांनी असं लिहून द्यायला सुरुवात केली तर शाळा चालवायची कशी. उत्तरं मात्र ढिगाने आली. एका नळवाल्याने विचारलं होतं की आता माझे त्या वेळचे गुण वाढणार का. एका जुन्या विद्यार्थिनीने लिहिलं होतं की हनातची कबर तिच्या काकाच्या शेताला लागून आहे आणि कबरीवर नाव नाही. पोरांनी वसंतात दगड बसवला. मजकूर काय असावा यावर अर्थात पुन्हा भांडणं. शेवटी नाव, गाव आणि टॅमसिनला यादीत सापडलेले त्याचे छावणीतले महिने, एवढंच कोरलं. बाकीचं ठाऊक नाही, तर लिहायचं नाही, असं ठरलं.

पुढच्या नोव्हेंबरात नाद्याआत्याने निरोप धाडला की साक्षीदार जिवंत असताना पुस्तकं कसली उघडता, मला वर्गात न्या. तिला चाकाच्या खुर्चीतून आणलं. चाळीस मिनिटं ती बोलली, पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत राहिली. तेवढ्यात ती तीनदा खोटं बोलली. त्यातल्या दोन थापा पोरांनी तिथल्या तिथे पकडल्या. तिसरी थाप बाईंनी पकडली, आत्याला गाडीत बसवताना, आणि बर्फात उभं राहून दोघींचं चांगला पाऊण तास वाजलं.